छावणीतील चर्च आणि बांबूचा विहार : थायलंड–कंबोडिया सीमेवरील इतिहासाचा एक धडा

विसाव्या शतकात बौद्ध धम्मावर जे आघात झाले, त्यांत कंबोडियावरील आघाताइतका सर्वंकष आघात क्वचितच दुसरा असेल. राजाश्रय जाणे, विहारांच्या जमिनी जप्त होणे, भिक्खूंना तुरुंगात डांबणे असे प्रकार अन्य देशांतही घडले. परंतु अवघ्या पावणेचार वर्षांत एका संपूर्ण राष्ट्रातून चीवर जवळजवळ नाहीसे व्हावे, असे कंबोडियात घडले. त्या विध्वंसातून जिवंत राहिलेली लाखो माणसे १९७९ साली थायलंडच्या सीमेवर येऊ लागली, तेव्हा त्यांना आधार द्यायला त्यांचा स्वतःचा भिक्खुसंघ उरला नव्हता. तेथे संयुक्त राष्ट्रसंघाचे अधिकारी होते, रेड क्रॉसचे डॉक्टर होते आणि निरनिराळ्या देशांतील चर्चनी पाठविलेली मिशनची पथके होती. पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेल्या या लोकांपैकी हजारोंनी छावणीत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

या घटनेचे दोन सोपे अर्थ लावले जातात. मिशनऱ्यांनी उपाशी माणसांचा धर्म विकत घेतला, असे एक पक्ष म्हणतो. दुःखी माणसांना नवा प्रकाश मिळाला, असे दुसरा पक्ष म्हणतो. या दोन्ही अर्थांत निर्वासित माणूस स्वतः कोठेच दिसत नाही. पहिल्यात तो विकला जाणारा आहे आणि दुसऱ्यात तो वाचविला जाणारा आहे. त्याला स्वतःची बुद्धी आहे, स्वतःचे दुःख आहे आणि त्या दुःखाविषयी त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत, हे दोन्ही पक्ष विसरतात. धर्मांतराचा निर्णय ज्यांनी स्वतः घेतला आणि तो घेतल्याबद्दल ज्यांनी नाना आरोप ऐकले, त्या आपल्यासारख्या लोकांनी तरी हा इतिहास अधिक काळजीपूर्वक वाचला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हाच हेतू आहे.

संघाचा विध्वंस

१९७० पूर्वीच्या कंबोडियात जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःचा ‘वात’, म्हणजे विहार होता. मुलाला अक्षरओळख तेथेच होई. तरुण काही काळ चीवर धारण करून आईवडिलांचे ऋण फेडीत. वृद्ध उपोसथाच्या दिवशी तेथे शील ग्रहण करीत. देशात तीन हजारांहून अधिक विहार होते आणि भिक्खूंची संख्या साठ हजारांच्या आसपास होती. नॉम पेन्ह येथे १९३० साली स्थापन झालेली बौद्ध संस्था ही त्या देशाच्या विद्याजीवनाचे केंद्र होती. संघराज चुओन नात यांच्या पिढीने ख्मेर भाषेचा मोठा कोश सिद्ध केला आणि पालि तिपिटकाचे ख्मेर भाषांतर ११० खंडांत पूर्णत्वास नेले. हे कार्य १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संपले. म्हणजे ज्या संघाचा पुढे नाश झाला तो निस्तेज झालेला संघ नव्हता. तो विद्येच्या दृष्टीने बहराला आलेला संघ होता.

१९७० पासून यादवी युद्ध आणि अमेरिकी बॉम्बफेक यांनी खेडी उद्ध्वस्त होऊ लागली. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या नेतृत्वाखालील ख्मेर रूजच्या सैन्याने नॉम पेन्ह घेतले. शहरे रिकामी करण्यात आली, चलन रद्द झाले, शाळा बंद झाल्या. भिक्खूंना परान्नपुष्ट ठरवून त्यांची चीवरे उतरविण्यात आली व त्यांना शेतावर आणि कालव्यांवर जुंपण्यात आले. अनेकांना ठार मारण्यात आले. अनेक जण उपासमारीने व रोगाने गेले. संघराज हुओत तात हेही मारले गेले. विहार हे धान्याची कोठारे, कारखाने आणि काही ठिकाणी तुरुंग बनले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरले तेव्हा या राजवटीचा अंत झाला. तोपर्यंत सुमारे १७ लाख माणसे मृत्यू पावली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. या राजवटीने केवळ बौद्धांचाच छळ केला असे नाही. चाम मुसलमानांवर भयंकर अत्याचार झाले. नॉम पेन्हचे कॅथॉलिक प्रधान मंदिर पाडून जमीनदोस्त करण्यात आले, आणि एप्रिल १९७५ मध्ये बिशपपदी आलेले जोसेफ छ्मार सालास हे याच काळात मरण पावले. सीमेवर जे चर्च आले त्याच्या मागे स्वतःच्या हुतात्म्यांची आठवणही होती.

१९ सप्टेंबर १९७९ रोजी नॉम पेन्हच्या वात उन्नालोम येथे सात वयस्क माणसांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली. परंपरा जोडून घेण्यासाठी व्हिएतनाममधून थेरवादी भिक्खू आणावे लागले. या सातांपैकी तेप वोंग पुढे संघप्रमुख झाले. मात्र नव्या सरकारने पन्नास वर्षांखालील पुरुषांना प्रव्रज्या घेण्यास बंदी केली आणि ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. तरुणाला शेतात व सैन्यात राबविणे सरकारला अधिक महत्त्वाचे वाटत होते. त्यामुळे देशात संघ पुन्हा उभा राहिला, तोही वृद्धांचा आणि सरकारच्या मुठीतला.

सीमेवरील छावण्या

१९७९ च्या दुष्काळाने आणि चालू युद्धाने लोकांना पश्चिमेकडे ढकलले. थायलंडने प्रारंभी त्यांना आश्रय दिला नाही. जून १९७९ मध्ये चाळीस हजारांहून अधिक निर्वासितांना बसगाड्यांतून प्रेह विहेअरच्या डोंगरावर नेऊन सुरुंग पेरलेल्या उतारावरून परत कंबोडियात लोटण्यात आले. त्यांपैकी हजारो मेले. जगभर आक्रोश झाल्यावर ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान क्रियांगसाक यांनी धोरण बदलले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी सा केओ येथील छावणी उघडली आणि आठवडाभरात तेथे सुमारे ३०,००० माणसे आली. त्यांत ख्मेर रूजचे सैनिक होते, त्यांचे कुटुंबीय होते आणि त्यांनी बळजबरीने हाकीत आणलेले ग्रामस्थही होते. उपासमार, हिवताप आणि चिखल यांनी पहिले काही दिवस तेथे रोज माणसे मरत होती. २१ नोव्हेंबर रोजी अरण्यप्रथेत या सीमेवरील गावाच्या उत्तरेस खाओ-इ-डांग ही छावणी सुरू झाली. बांबूच्या आणि गवताच्या झोपड्यांच्या या वस्तीत काही महिन्यांतच लाखाहून अधिक लोक राहू लागले. कंबोडियाबाहेर एवढी मोठी ख्मेर वस्ती त्या वेळी दुसरी नव्हती.

छावणीचे जीवन कसे होते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा भाग समजणार नाही. तांदूळ, पाणी, औषध, लाकूड, कपडा हे सर्व बाहेरून येई. माणसाला कुंपणाबाहेर जाता येत नसे. परदेशी कार्यकर्ते सायंकाळी छावणी सोडून अरण्यप्रथेतला मुक्कामाला जात आणि रात्र निर्वासितांना एकट्याने काढावी लागे. रात्री लुटारू येत, पहारेकऱ्यांचा त्रास होई, स्त्रिया असुरक्षित असत. आणि या सर्वांच्या वर एक प्रश्न टांगलेला असे : पुढे काय? परत कंबोडियात, येथेच अनिश्चित काळ, की अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा तिसऱ्या देशात?

मिशनच्या पथकांचे आगमन

कंबोडियात ख्रिस्ती धर्मप्रचाराला फारसे यश आले नव्हते. प्रॉटेस्टंट मिशनरी १९२३ मध्ये आले. संपूर्ण बायबलचे ख्मेर भाषांतर १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अर्ध्या शतकाच्या श्रमानंतरही ख्मेर ख्रिस्ती लोकांची संख्या अत्यल्पच राहिली. छावणीत मात्र चित्र बदलले. भुकेने खंगलेल्या मुलांची छायाचित्रे १९७९ च्या शरद ऋतूत पाश्चात्य घराघरांत पोहोचली आणि चर्चच्या संघटनांकडे पैशाचा व स्वयंसेवकांचा ओघ सुरू झाला. खाओ-इ-डांगमध्ये तीसहून अधिक स्वयंसेवी संस्था काम करीत होत्या आणि त्यांतील बऱ्याच ख्रिस्ती होत्या. काही पथके वर्षानुवर्षे राहिली, तर काही थोडे आठवडे काम करून परतली.

या कार्यकर्त्यांनी जे केले त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी इस्पितळे चालविली, कुपोषित बालकांना भरविले, अनाथ मुलांची नोंद ठेवली, सुरुंगाने पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय बसवून दिले. पाश्चात्य परिचारिका चिखलात गुडघे टेकून अतिसाराच्या रुग्णाला साफ करते, हे दृश्य पाहणाऱ्या ख्मेर माणसाच्या मनात तिच्या धर्माविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक होते. विनयपिटकाच्या महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतल्याचा प्रसंग आपण सर्वजण जाणतो. छावणीतील बौद्धाला ती शुश्रूषा दिसली ती दुसऱ्याच्या हातून.

परंतु सर्व ख्रिस्ती संस्था एका विचाराच्या नव्हत्या, हा भेद महत्त्वाचा आहे. काहींचे मत असे की, सेवा हाच आपला धर्म आहे आणि कुंपणाआडच्या माणसासमोर धर्मप्रचार करणे अनुचित आहे. काहींचे मत असे की, शरीर वाचवून आत्मा न वाचविणे हे अर्धे काम आहे. या दुसऱ्या मताच्या पथकांनी छावणीत प्रार्थनासभा भरविल्या, पुस्तिका वाटल्या, बाप्तिस्मे दिले. खाओ-इ-डांगमधील ख्रिस्ती मंडळी पाहता पाहता हजारोंची झाली.

लोक ख्रिस्ती का झाले?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पहिले कारण व्यावहारिक होते आणि ते लपविण्यात अर्थ नाही. अमेरिकेत निर्वासितांचे पुनर्वसन करण्याचे काम तेथील सरकारने मोठ्या प्रमाणात स्वयंसेवी संस्थांमार्फत चालविले होते. त्यांत कॅथॉलिक, लुथरन आणि अन्य प्रॉटेस्टंट चर्चच्या संस्था अग्रभागी होत्या. एखाद्या गावातील चर्चची मंडळी एका कुटुंबाची जबाबदारी घेई, घर पाही, नोकरी पाही. ख्रिस्ती झाल्याशिवाय परवाना मिळणार नाही, असा नियम कोठेही नव्हता. परंतु छावणीतील माणसाला नियम ठाऊक नव्हता. त्याला एवढेच दिसत होते की, जाणाऱ्यांना बोलावणारे चर्चचे लोक आहेत. ज्याच्या हाती तांदूळ, औषध आणि सुटकेचा मार्ग आहे असे भासते, त्याने सहज विचारलेला प्रश्नही हुकमासारखा वाटतो. येथे कोणी लालूच दाखविली असे म्हणण्याचीही गरज नाही. सत्तेची विषमता स्वतःच बोलत असते.

दुसरे कारण यापेक्षा खोल आहे आणि बौद्ध अभ्यासकांनी त्याचाच अधिक विचार केला पाहिजे. ज्या आईने आपली चार मुले उपासमारीने मरताना पाहिली ती विचारीत होती की, हे आमच्याच वाट्याला का आले? ख्मेर खेड्यातील रूढ समजुतीत याचे उत्तर तयार होते : पूर्वजन्मीच्या कम्माचे फळ. हे उत्तर ऐकणाऱ्या माणसाला दोनदा शिक्षा होते. आधी त्याचे सर्वस्व जाते आणि मग ते जाण्याचा दोषही त्याच्याच माथी येतो. याउलट मिशनचा प्रचारक म्हणे की, तुझा देव तुझ्यावर प्रेम करतो आणि तुझे सर्व अपराध क्षमा झाले आहेत. ज्यांनी स्वतः हत्या केल्या होत्या अशा ख्मेर रूजच्या सैनिकांना तर या क्षमेचे आकर्षण विशेषच होते. तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक एआव, ऊर्फ दुच, याने १९९६ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, हे १९९९ मध्ये तो उघडकीस आला तेव्हा जगाला कळले. पुढे न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि २०२० मध्ये तो मरण पावला. क्षमेचे आश्वासन आणि न्यायाची मागणी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्याच्या निमित्ताने ख्रिस्ती लोकांपुढेही उभा राहिला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरविला, तो केवळ तात्त्विक काटेकोरपणासाठी नव्हे. दुःखिताला त्याच्या दुःखाचा गुन्हेगार ठरविणारी शिकवण ही करुणेची शिकवण असू शकत नाही, हे त्यांनी अस्पृश्यतेच्या अनुभवातून ओळखले होते. खाओ-इ-डांगच्या झोपडीतील त्या आईला हे कोणी सांगितले असते तर तिचे समाधान झाले असते की नाही, हे सांगता येत नाही. परंतु तिला ते सांगणारे कोणी नव्हते, हे मात्र खरे.

तिसरे कारण असे की, अनेक निर्वासितांच्या दृष्टीने हे धर्मांतर नव्हतेच. मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी स्मिथ-हेफ्नर यांनी बॉस्टन परिसरातील ख्मेर कुटुंबांचा अभ्यास करून १९९४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून या कुटुंबांची द्विधा मनःस्थिती दिसून येते. मदत करणाऱ्याचा मान राखण्यासाठी चर्चमध्ये जावे आणि नववर्षाला व पितरांच्या पंधरवड्यात विहारात जावे, यात अनेकांना विसंगती वाटत नसे. मिशनच्या वहीत ज्याची नोंद ‘तारण झालेला’ अशी होती, तो स्वतःच्या मते केवळ कृतज्ञ होता.

महाघोषानंद आणि बांबूचा विहार

या परिस्थितीत छावणीत एक भिक्खू आला. पूज्य महाघोषानंद हे कंबोडियाच्या ताकेओ प्रांतातले. त्यांचे उच्च शिक्षण बिहारमधील नालंदा येथे झाले आणि राजगृहाचा शांतिस्तूप उभारणारे जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्याकडून त्यांनी अहिंसेचे धडे घेतले. १९६५ पासून ते थायलंडच्या दक्षिणेकडील अरण्यविहारात ध्यानसाधना करीत होते. देशात त्यांचे आप्तस्वकीय मारले जात असताना ते तेथे होते, म्हणूनच ते वाचले. निर्वासित येऊ लागल्याची वार्ता कळताच त्यांनी अरण्य सोडले आणि ते सीमेवर गेले.

त्यांनी सोबत नेले ते मेत्तसुत्ताच्या छापील पत्रकांचे गठ्ठे. काषाय चीवर पाहताच लोक जमिनीवर पालथे पडून रडू लागले. कित्येकांनी चार वर्षांत भिक्खू पाहिला नव्हता. ख्मेर रूजचे वर्चस्व असलेल्या एका छावणीत त्यांनी बांबूचा विहार उभारला. तेथे जाणाऱ्यांना आम्ही परतल्यावर गोळ्या घालू, अशी धमकी ख्मेर रूजच्या हस्तकांनी दिली होती. तरीही हजारो लोक जमले. जॅक कॉर्नफील्ड हे अमेरिकी विपश्यना शिक्षक त्या प्रसंगी उपस्थित होते व त्यांनी तो पुढे अनेकदा सांगितला आहे. महाघोषानंदांनी लांबलचक प्रवचन दिले नाही. धम्मपदाच्या यमकवग्गातील वैराविषयीची पाचवी गाथा त्यांनी पालीत व ख्मेरमध्ये पुनःपुन्हा म्हटली आणि हळूहळू सारा समुदाय ती अश्रूंसह म्हणू लागला. त्या समुदायात मारणारे होते आणि मेलेल्यांचे नातलगही होते.

या प्रसंगाचे मर्म असे आहे. महाघोषानंदांनी लोकांना त्यांच्या दुःखाचे कारण म्हणून पूर्वजन्म दाखविला नाही. त्यांनी वैर कोठे थांबवावे हे दाखविले, आणि ते थांबविणे या जन्मी, या छावणीत, प्रत्येकाच्या हातात आहे असे सांगितले. अंगुलिमालाच्या कथेची परंपरा असलेल्या धम्माला अपराध्यासाठी वेगळा क्षमादाता शोधावा लागत नाही. मात्र ती परंपरा जिवंत भिक्खूच्या रूपाने त्याच्यासमोर उभी राहावी लागते.

छावण्यांत नंतर आणखी विहार उभे राहिले. देशात तरुणांना प्रव्रज्या बंद असताना सीमेवर ते बंधन नव्हते. जपानच्या सोतो झेन पंथीयांनी १९८० मध्ये मदतसमिती स्थापन करून सा केओ येथे फिरते वाचनालय चालविले आणि ख्मेर पुस्तके छापून दिली. हीच संस्था पुढे ‘शांती’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पोल पॉटने ज्या भाषेतील ग्रंथ जाळले, त्या भाषेत मुलांच्या हाती पुन्हा पुस्तक देणे ही साधी सेवा नव्हती. रेड क्रॉसतर्फे आलेले फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ डॉ. जाँ-पिएर हिजेल यांनी ख्मेर वैदूंना त्यांच्या पारंपरिक औषधींसह उपचारकेंद्रांत स्थान दिले. परक्या देशातून आलेला माणूस दुःखिताला त्याच्याच परंपरेचा आधार परत देऊ शकतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

पाद्री आणि भिक्खू

मिशनविरुद्ध विहार असा सरळ सामना येथे झाला, असे चित्र रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. महाघोषानंदांचे सर्वांत निकटचे सहकारी रेव्हरंड पीटर पाँड हे अमेरिकी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९८० मध्ये या दोघांनी कंबोडियातील शांतीसाठी एक आंतरधर्मीय मिशन स्थापन केले आणि विखुरलेल्या, चीवर गमावलेल्या शेकडो भिक्खू-भिक्खुणींना शोधून त्यांना पुन्हा धम्मकार्याला लावले. ख्रिस्ती पाद्री बौद्ध संघाची पुनर्बांधणी करण्यासाठी झटत होता! त्याच वर्षी जूनमध्ये थाई सरकारने सा केओ व खाओ-इ-डांग येथून निर्वासितांना परत पाठविण्याची मोहीम काढली. ती ऐच्छिक म्हणविली जात होती. परंतु सा केओमध्ये ख्मेर रूजचे नेते लोकांना परत जाण्यास भाग पाडीत होते. महाघोषानंद व पाँड यांनी त्यास विरोध केला आणि ज्यांना परतायचे नव्हते त्यांना विहाराचा आश्रय देऊ केला. त्या मोहिमेत सुमारे ९,००० लोक परत गेले, उरलेले राहिले.

जेझुइटांचे कार्यही येथे सांगितले पाहिजे. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांच्या संघाने निर्वासित सेवेची स्वतंत्र शाखा स्थापन केली. १९३७ पासून भारतात, मुख्यतः तमिळनाडूत काम केलेले फ्रेंच जेझुइट फादर पिएर सेराक १९८० मध्ये या सीमेवर गेले आणि दशकाहून अधिक काळ तेथे राहिले. २०१२ मध्ये चेन्नईत त्यांचे देहावसान झाले. १९८५ मध्ये उभारलेल्या ‘साइट टू’ या छावणीत दीड लाखाच्या आसपास लोक होते. त्यांना अधिकृतपणे निर्वासित मानले जात नसे आणि म्हणून तिसऱ्या देशात जाण्याची वाटही त्यांना नव्हती. तेथे काम करणाऱ्याच्या हातात देण्यासारखा परवाना नव्हता. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहणे ही सेवेची खरी परीक्षा होती. बॉब मात हे अमेरिकी जेझुइट बंधू आणि एलिझाबेथ बर्नस्टीन यांनी सीमेवर शांतीसाठी काम केले आणि त्यांच्याच साहाय्याने एप्रिल १९९२ मध्ये पहिली धम्मयात्रा निघाली. महाघोषानंदांच्या मागून शंभराहून अधिक निर्वासित, भिक्खू, भिक्खुणी आणि उपासक सीमा ओलांडून चालत निघाले आणि महिनाभराने मे महिन्यात नॉम पेन्हला पोहोचले. वाटेत खेड्याखेड्यांतून लोक पाणी शिंपून त्यांचे स्वागत करीत होते. काहींना यात्रेत आपले हरवलेले आप्त भेटले. १९९३ ची यात्रा निवडणुकीच्या तोंडावर निघाली. १९९४ च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक भिक्खुणी मृत्यू पावली. तरीही यात्रा थांबली नाही.

बाबासाहेबांची कसोटी

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्धधम्माच्या भवितव्यावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी भिक्खुसंघावर कठोर टीका केली आहे. भिक्खूंची संख्या मोठी असून सेवा नाही, असा त्या टीकेचा आशय होता. आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, सेवेची व शिक्षणाची रीत घ्यावी असे त्यांनी स्पष्टपणे सुचविले होते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव की समाजसेवक, असा प्रश्न विचारला आणि धम्माचे भवितव्य त्या उत्तरावर अवलंबून असल्याचे म्हटले. तीस वर्षांनंतर थायलंडच्या सीमेवर या प्रश्नाची जणू प्रत्यक्ष परीक्षाच झाली. जेथे भिक्खू पोहोचला तेथे लोकांनी धम्म सोडला नाही. जेथे तो पोहोचला नाही तेथे जो सेवेला आला त्याचा धर्म लोकांनी ऐकला. यात दोष देण्यासारखे काही असेल तर ते आपल्याकडेच आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर परिसरात अस्पृश्य समाजातील अनेक कुटुंबे मिशनकडे गेली. १८९६ नंतरच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार मुली व विधवांना आश्रय दिला. हे लोक पोटासाठी ख्रिस्ती झाले, असे सवर्ण समाजाने हिणविले. परंतु ज्या समाजाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याला हा आरोप करण्याचा अधिकार कोठून आला? नेमका हाच प्रश्न आपण ख्मेर निर्वासितांच्या बाबतीतही विचारला पाहिजे. त्यांना लोभी म्हणण्याआधी त्यांच्या भुकेच्या वेळी बौद्ध जग कोठे होते, ते पाहावे.

तथापि याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, तुलनेची आणि समाजाशी चर्चा करण्याची होती. दीक्षाभूमीवर आलेल्या लाखो लोकांना कोणी तांदूळ दिला नव्हता, परदेशाचा परवाना दिला नव्हता. उलट दीक्षेमुळे त्यांच्या सवलती गेल्या आणि त्या परत मिळवायला १९९० साल उजाडले. जे धर्मांतर किंमत देऊन केले जाते आणि जे न करण्याची पूर्ण मुभा असते, तेच स्वतंत्र धर्मांतर होय. छावणीत नकार देण्याची मुभा कागदावर होती; परंतु भीतीमुळे ती माणसाच्या मनापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून ज्याच्या हाती शिधा आहे त्याने हाती धर्मग्रंथ घेऊन जाऊ नये, हा नियम योग्य आहे. तो नियम बौद्धांनाही तितकाच लागू आहे. उद्या आपले एखादे पथक भूकंपग्रस्त वा पूरग्रस्त गावात गेले आणि धान्याच्या पोत्याबरोबर त्याने त्रिशरणाचा आग्रह धरला, तर तेही अधम्मच होईल.

ख्रिस्ती जगातही हा विचार पुढे गेला, हे समाधानाचे आहे. १९९४ साली रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी जी आचारसंहिता तयार केली, तिच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे मदतीचा उपयोग कोणत्याही राजकीय वा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करावयाचा नाही. ती तयार करणाऱ्यांत जागतिक चर्च परिषद, लुथरन महासंघ आणि कॅथॉलिक मदतसंस्थाही होत्या. सर्व संस्था ती पाळतात असे नाही, परंतु माप ठरले आहे.

छावणीनंतर

ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस करारानंतर सुमारे ३,६०,००० लोक मायदेशी परतले आणि मार्च १९९३ मध्ये खाओ-इ-डांग बंद झाली. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने बौद्ध धम्माला राष्ट्रधर्म म्हणून मान्यता दिली. छावणीत ख्रिस्ती झालेल्यांपैकी काही निष्ठेने ख्रिस्ती राहिले आणि परतून त्यांनी आपली मंडळी उभारली. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. अनेक जण पुन्हा विहारात येऊ लागले. अमेरिकेत सुमारे दीड लाख कंबोडियन स्थायिक झाले आणि जेथे त्यांची वस्ती वाढली तेथे साध्या घरांतून विहार सुरू झाले. महाघोषानंदांनी १९८० नंतरच्या दशकात ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे राहून अशा अनेक विहारांना आधार दिला. १२ मार्च २००७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. छावणीत त्यांनी बांधलेल्या बांबूच्या विहाराची आज खूणही नाही.

आपल्या देशात भिक्खू प्रशिक्षणाची केंद्रे वाढली आहेत, विहार वाढले आहेत, वर्षावास थाटाने होतात. या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या श्रामणेराला पालि गाथांबरोबर रुग्णाची शुश्रूषा, निर्वासितांचा कायदा आणि आपत्तीच्या काळातील सेवाकार्य शिकविण्याची व्यवस्था झाली पाहिजे. म्यानमार, श्रीलंका, तिबेट येथून विस्थापित झालेली माणसे आपल्याच देशात छावण्यांतून राहत आली आहेत. त्यांतील काही बौद्ध आहेत, काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. त्यांच्याकडे जाताना आपण मेत्तसुत्ताचे पत्रक घेऊन जावे की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे. आधी जावे, आजाऱ्याला धुवावे, लिहिता न येणाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, आणि त्याने विचारलेच तर धम्म सांगावा. न विचारल्यास पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे.